झडप माझी, नाव योजनेचं

१२ जाने.
दवाखान्यातून येऊन आठवडा झाला. छातीवर ओरखडा नाही. मांडीतून नळी घालून हृदयाची झडप बसवली, तिथं एवढीशी पट्टी. भेटायला येणारे आधी छातीकडंच बघतात. शेजारचे जोशीकाका म्हणाले, "ऑपरेशन झालं का म्हैसमाळला हवा खायला जाऊन आलात?" शहाळी इतकी जमलीत की ही म्हणते, सिडकोच्या नाक्यावर गाडा लावा आता.
दुसरा प्रश्न खर्चाचा. सरकारी योजनेतून झालं, म्हणालो. सगळ्यांना तेच सांगतोय. मनीषा, आमची सून, चहा घेऊन दारात उभी होती. ट्रे ठेवला, आत गेली.
खर्च तिच्या कंपनीच्या विम्यानं दिला. सुनेच्या नोकरीवर सासऱ्याचं काळीज दुरुस्त झालं, हे चारचौघांत तोंडातून निघेना.

१५ जाने.
आज ही बोललीच. "त्या विम्यात एकच जोडी बसते. आईबाप, नाहीतर सासूसासरे. पोरीनं आपली नावं टाकली. ठाऊक आहे का?"
ठाऊक नव्हतं. मनीषाचे वडील फर्दापूरला दुकानात बसतात, त्यांनाही बीपी...
जेवण उतरेना. मनीषा विचारते, "आबा, भाजी खारट झाली का?"

२० जाने.
भानू आला पिशोरहून, बायकोला, कांताला घेऊन. माझा धाकटा भाऊ. रिक्षापासून दारापर्यंत दोनदा थांबला. त्याचीही तीच झडप आखडलीय. छाती उघडून ऑपरेशन करायचं ठरलंय, योजनेत मंजूर झालंय, पुढच्या मंगळवारी दाखल व्हायचंय.
"म्या नाय करणार," म्हणतो. "अण्णा, तुझं योजनेतून मांडीतनं झालं. मग माझीच छाती काहून फाडायची? म्या बी तसल्याला थांबतो."
कांता म्हणाली, "भाऊजी, तुमचं ऐकतील. सांगा की."
मी काय सांगितलं? डॉक्टरांना विचारतो म्हणालो! ही माझ्याकडं बघत होती.

२२ जाने.
तपासणीला गेलो, भानूचे कागद डॉ.ना दाखवले. म्हणाले, मांडीतून करून घेणारे दरवर्षी वाढतायत, पण योजनांचे नियम मागून चालत येतात. भानूच्या योजनेत उघडं ऑपरेशनच बसतं. पदरचं घालून करावं, तर नुसत्या झडपेची किंमत ऐकूनच तो विचार सोडला. "उघडं ऑपरेशन त्यांना सोसेल. थांबणं सोसणार नाही."
मी थांबवलंय त्याला.

२३ जाने.
फोन उचलला, ठेवला. परत उचलला, ठेवला.
संध्याकाळी मनीषा कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणालो, तुझं नाव घ्यायला लाजलो, पोरी.
"माझं राहू द्या आबा. भानूकाकांना खरं सांगा." दोन घड्या झाल्यावर म्हणाली, "नाही, घ्याच माझं नाव. तुम्ही कसं घेता, ते ऐकायचंय मला."

२५ जाने.
पिशोर. गाडी मनीषानं चालवली. भानूच्या ओसरीवर गावातली चार माणसं. ती माणसं उठून गेल्यावर बोलू, असं मनात आलं. मनीषानं नुसतं पाहिलं. मग बोललो. योजना नव्हती, मनीषाचा विमा होता, हिनं आपल्या आईबापाला बाहेर ठेवून आम्हाला आत घेतलं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
भानू म्हणाला, "म्हंजे म्या उगंच थांबलो व्हय?"
"व्हय."
"लाज वाटली तुला? सुनेची? आन् म्या हितं दम टाकत बसलोय त्याची?"
त्यानं भिंतीकडं तोंड केलं. कांतानं दवाखान्याची पिशवी भरून ठेवलीय, त्या पिशवीला तो कुणाला हात लावू देत नाही. मनीषा चुलीपाशी कांताजवळ बसली, बराच वेळ.

२७ जाने., मंगळवार
दाखल व्हायचा दिवस. मी आधीच येऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलोय, इथंच लिहितोय. आत्ता कांताचा फोन आला. गाडी दारात आलीय, भानू बसला आणि परत उतरला. फोन त्यानं घेतला.
"अण्णा, छाती फाडत्याल तवा तू भाईर राहशील?"
"राहीन."
"खोटं नाय ना?"
नाही म्हणालो. मग नुसता त्याचा दम ऐकू येत राहिला आणि फोन तुटला. परत लावला, लागत नाही. गाडी निघाली का, कळत नाही. मी पायरी सोडलेली नाही.