पिवळा दिवा आणि गोठलेलं तळं

तीर्थस्वरूप ऑर्विलमामा आणि आर्डिसमामी यांना,

ड्वेनचा कानटोपी काढून नमस्कार. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात मामांचा गुडघा वळू लागला असेल आणि मामींच्या संत्र्यांना कुणाची दृष्ट लागली नसेल, अशी आशा आहे. इकडे मिनेसोटात आम्ही खुशाल, थंडीही खुशाल.

लिहायचं कारण, माझ्या पिकअपमधला ब्रेकचा पिवळा दिवा. तो लागल्यापासून लोर्ना गाडीत पाय ठेवत नाही. महिनाअखेरच्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा, आणि बाईसाहेब म्हणतात, मी शेजारच्या मार्लिसच्या गाडीतून येईन. अख्ख्या चर्चसमोर माझी बायको दुसऱ्याच्या गाडीतून उतरणार. कुणी अवाक्षर काढणार नाही (आपली माणसं तुम्हाला माहीतच आहेत), नुसती कॉफी ओतत राहतील, आणि तेच मला सोसवत नाही. म्हणून एबीएसचं मॉड्यूल मीच बदलायला घेतलं. ही पेटी असली की जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत; गाडी घसरत असली तरी वळवता येते. जुनं काढताना ब्रेक ऑइल बाहीतून थेट काखेत गेलं. नवं बसवून नळ्यांतली हवा काढायची, तर पेडल दाबायला माणूस हवं. लोर्ना बसली (म्हणजे गाडीत बसलीच की, पण हा मुद्दा तिने मानला नाही). मी खालून "दाब" म्हणायचं, तिने "दाबलं" म्हणायचं. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांचं इतका वेळ ऐकल्याचं मला आठवत नाही.

दिवा विझला. पण ती म्हणाली, "दिव्याचं काय सांगतोस, बल्ब गेला तरी विझतो. गाडी थांबते का ते दाखव."

तेव्हा आपण सगळे नेतो तशी गाडी तळ्यावर नेली. बर्फ हातभर जाड, आडवं यायला झाड नाही, खांब नाही. चांगला वेग घेऊन ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थडथडलं, म्हणजे मॉड्यूल इमानेइतबारे काम करत होतं. गाडी मात्र थांबेना, कारण मॉड्यूल गाडीला बसवलं होतं, बर्फाला नाही. समोर मासे धरायची दोन खोपटी, अगदी लगतलगत. दोन्ही चुकवण्याइतकी जागा उरली नव्हती. एकाच्या धुराड्यातून धूर येत होता, आत पास्टर हॉगन बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले. दुसरं रिकामं. जुन्या ब्रेकने निवडायला वावच दिला नसता. मी रिकाम्याकडे वळवली. पास्टर बाहेर आले आणि फळ्यांच्या ढिगाकडे पाहून म्हणाले, "हं. हे जरा वेगळंच झालं." याहून कडक शब्द मी त्यांच्या प्रवचनातही ऐकलेले नाहीत.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
ड्वेन

ता. क. रिकामं खोपटं तुमचं होतं. यंदा ते शेडमध्येच ठेव, असं तुम्ही बजावलं होतंत, तेही माझ्या लक्षात आहे. शेगडी शाबूत आहे.

पुन्हा ता. क. लोर्ना म्हणते, "ज्यांचं खोपटं मोडलंस ते मामाच ब्रेक चांगले आहेत म्हणाले, तर बसेन." तेव्हा त्या रविवारच्या आदल्या दिवशी तिला फोन करून तेवढं सांगा. खोटं बोलावं लागणार नाही. बाप्तिस्मा करायला पास्टर हॉगन धडधाकट आहेत.