कवचकुंडल आणि समीक्षाचं स्थळ

नवीन पनवेल,
रविवार

ती. दिनानाथदादांस भगवानचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनी तेल लावून देतात, की जिने चढून बघायचा तुमचा प्रयोग अजून चालूच आहे? इकडे सगळे खुशाल, म्हणजे जेवतात, झोपतात आणि माझ्यावर चिडतात. तुमची बहीण मनिषा त्यात पुढे आहे. कागदावरचं पत्र बघून दचकू नका. ईमेलच करणार होतो, पण लॅपटॉप दुकानात पडून आहे आणि तो तिथे का गेला, हेच सांगायचं आहे.

गणपतीत तुम्ही आमच्याकडे आलात, माझ्या लॅपटॉपवर बसलात आणि जाहिरातींच्या खिडक्या उघडताना बघून म्हणालात की हा ब्राउझर म्हणजे दार नसलेलं घर आहे. मग तुम्ही त्यात ‘कवचकुंडल’ नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर घातलंत. त्याचं काम एवढंच, की एका बटणावर तीन गोष्टी बंद: उडी मारून येणाऱ्या खिडक्या, कॅमेरा आणि आपलं ठिकाण. या सोयी ब्राउझरमध्ये मुळातच नसतात का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, असतात, पण आतल्या खोल्यांमध्ये. शोधत कोण बसणार? मला पटलं. (पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला एका बटणात सगळं बंद होतं म्हटलं की भुरळ पडतेच.)

त्यानंतर वीजबिलाची पावती उघडेना. ती नव्या खिडकीत उघडते आणि खिडक्या बंद. मी तुमचं बटण परत दाबलं, तर ते ‘तुम्ही सुरक्षित आहात’ म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. शेवटी कंटाळून मी अख्खं कवचकुंडल काढून टाकलं. पाहुणे गेले, पण सामान राहिलं. ब्राउझरच्या त्या आतल्या खोल्यांत मी जाऊन आलो, तर तिथली बटणं राखाडी, दाबली तरी हलेनात, आणि वर पाटी: ‘हा ब्राउझर तुमची संस्था नियंत्रित करते.’ मी निवृत्त माणूस, माझी कसली संस्था? मनिषाने मागून वाचलं आणि म्हणाली, चुकीचं काय आहे त्यात, कुणीतरी लिहून ठेवलं ते बरंच झालं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण मधेच आमच्या समीक्षाला तुम्हीच सुचवलेलं स्थळ आलं. मुलगा स्वानंद मस्कतच्या बंदरात क्रेनवर, आणि त्याची आई, तुमच्या उरणच्या गुणाबाई, सध्या त्याच्याकडेच राहायला गेलेल्या. म्हणून बघण्याचा कार्यक्रम संगणकावर. स्वानंदने लिंक पाठवली. ती फोनवर उघडली असती तर विषय संपला असता, पण मनिषाचं म्हणणं, मुलगी मोठ्या पडद्यावर दिसली पाहिजे. तिने हॉलच्या खिडकीला नवा कापडी पडदा लावला. समीक्षा दवाखान्यातून फिजिओथेरपीची कामं आटोपून आली ती त्याच कपड्यांत बसली. साडी नेसायला ठाम नकार.

मी लिंक दाबली. ‘कॅमेरा वापरायची परवानगी नाही’ असं आलं, आणि खाली दोन काळे चौकोन. एकात ‘भ’, दुसऱ्यात ‘स्व’. आमचा चेहरा दिसत नाही म्हणून त्यांनीही शिष्टाचाराने स्वतःचा कॅमेरा लावला नव्हता, हे मला नंतर कळलं. मी समजलो, अजून लागलंच नाही, आणि वायर बघायला टेबलाखाली शिरलो. (कवचकुंडल माइक बंद करत नाही. ते म्हणे पैसे भरलेल्यांना मिळतं.)

लागलं नाही म्हटल्यावर घरातली माणसं मोकळी बोलणारच. मनिषा म्हणाली, पोराने सगळ्या फोटोंत टोपी घातली आहे, म्हणजे केसांची शंकाच आहे. शिवाय उरणच्या एका लग्नात या गुणाबाईंनी दोनदा वाढून घेऊन वर पापलेटला नावं ठेवली होती. टेबलाखालून मी म्हटलं, पगार बरा आहे, बाकी मला काही कळत नाही. मग समीक्षा बोलली, अगदी हळू.

“बाबा, मला मस्कतला जायचं नाही. तुम्ही दोघांनी विचारलंच नाही, म्हणून मी बोलले नाही.”

दादा, मी उठलो तो टेबलाला डोकं आपटूनच. पण ते दुखलं नाही, दुसरंच काही दुखलं. मी म्हटलं, “मलाही तुला पाठवायचं नाही गं. तुझ्या आईच्या मनात आहे, म्हणून गप्प होतो.” त्यावर मनिषा म्हणाली, तिला वाटत होतं की माझ्या मनात आहे. म्हणजे एका घरातली तीन माणसं एकमेकांच्या भिडेपायी मुलगी समुद्रापार धाडायला निघाली होती. मनिषाने नव्या पडद्यालाच डोळे पुसले.

तेवढ्यात काळ्या चौकोनातून आवाज आला, “भगवानभाऊ, तुमी दिसत नाय, पण आयकू सगलं येतंय.”

गुणाबाईंनी शांतपणे सांगितलं की त्या लग्नातलं पापलेट शिळंच होतं आणि त्या आजही तेच म्हणतील. केसांचं उत्तर पोराने द्यावं. स्वानंदने घसा साफ केला. म्हणाला, टोपी उन्हासाठी आहे, पण तिच्याखाली फार काही आहे असं नाही. आणि पुढे म्हणाला की त्याचा करार संपत आला आहे, त्यालाही परतायचं आहे. पण मुलीकडच्यांना मस्कतच हवं असेल, या धास्तीने तो बोलत नव्हता.

मग त्यांनी कॅमेरा लावला. टक्कल आहे, पण चेहरा चांगला, सरळ बघणारा. आम्ही मात्र त्यांना दिसेनाच. स्वानंद मला समजावू लागला: वर लिंकच्या पत्त्याच्या डाव्या बाजूला छोटी खूण आहे, ती दाबा, मग कॅमेऱ्याला परवानगी द्या. दोन दाब! दादा, या दोन दाबांचे कष्ट वाचवायला तुम्ही अख्खं सॉफ्टवेअर घातलंत, आणि त्याने ते दोन दाबही राखाडी करून ठेवले. माझं मत विचाराल तर असल्या छोट्या कामांना असली छोटी अवजारं घेऊ नयेत. आतल्या खोल्यांत एकदा आपल्या पायांनी जाऊन यावं, म्हणजे परत येतानाची वाटही माहीत असते. समीक्षा त्या काळ्या चौकोनातूनच त्याच्याशी बोलत राहिली, आणि मधेच हसली. तसं हसणं या घरात बरेच दिवस ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात नुसते उभे राहिलो.

मी थकलो आहे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
भगवान

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. स्वानंद परत यायचा तर त्याला इकडे काम हवं. तुमचा जन्म उरणच्या बंदरात गेला, तिथे अजून तुमचा शब्द चालतो. कुणाकडे तरी टाका. मामा म्हणून तुम्हाला हे करायलाच हवं, आणि वर जे बोललो ते मनावर घेऊ नका.

ता. क. २. आताच दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने कवचकुंडलाचा उरलासुरला पसारा साफ केला, तरी चित्र काळंच. मग त्याने पडद्याच्या वर, कॅमेऱ्यावर असलेली एक इवलीशी पट्टी नखाने सरकवली आणि मी दिसू लागलो. घरी येऊन समीक्षाला विचारलं. म्हणाली, त्या संध्याकाळी बसण्याआधी तिनेच ती लावली होती; बघायच्या आधी त्यांनी आपल्याला ऐकावं, असं तिला वाटलं. तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर नसतं तरी झालं ते झालंच असतं. हे मनिषाला मात्र कळू देऊ नका. माझ्या दादाच्या सॉफ्टवेअरने लग्न जुळतं, असं ती बिल्डिंगभर सांगत सुटली आहे, आणि शेजारच्या रोशनीची आई ते घालून घ्यायला आता दारात उभी आहे.