खुर्चीची खूण

ती. अण्णांना लांबून, पण वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा.

नव्या नाटकाचा शुभारंभ पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी थोड्या प्रेक्षकांपुढे चाचणीचे प्रयोग चालू आहेत. रंगमंचावरचं सामान माझ्याकडे असतं. कुठली खुर्ची कुठे, याची खूण मी जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवून करतो. पण पहिल्या दोन्ही प्रयोगांत नाटकातल्या बापाची खुर्ची वीतभर दाराकडे सरकलेली होती. माझा संशय सेट लावणाऱ्या सुतारावर. त्याच्याशी भांडलो, बोलणंही टाकलं.

तिसऱ्या प्रयोगाला विंगेत दबा धरून उभा राहिलो. पडदा उघडण्याआधी बापाचं काम करणारे नट आले, दारापासून पावलं मोजत गेले आणि चाचपून खुर्ची जवळ ओढली. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "सगळं धुरकट दिसतं रे हल्ली. बोलू नकोस कुणाला."

मी गुपचूप पट्टीच सरकवली. सुताराची माफी मागितली, पण कारण सांगितलं नाही. आता तो माझ्यावर संशय घेतो.

आणि मला तुमचा येतोय, अण्णा. हात दुखतो म्हणून गेली तीन पत्रं तुम्ही वहिनीकडून लिहून घेतलीत. त्यातच म्हणता, झाडांना रोज दहा बादल्या पाणी घालतो. दुखऱ्या हाताने?

वहिनी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. अण्णांना कधीपासून दिसत नाही, तेवढं कळव.

तुमचा,
धाकटा