मळमड्डीतलं रशियन

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

अष्टमी. म्हणून रशियनला सुट्टी! कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण बाळाचार्य सरांकडे अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा — या दिवशी शिकणं बंद म्हणजे बंद. वेदाला जो नियम तोच रशियनला. त्यांच्या वडिलांनी त्यांना ज्या ओसरीवर वेदाची संथा दिली, त्याच ओसरीवर ते मला रशियनची देतात. एकदा त्यांनी म्हणायचं, दोनदा मी. संथेला पुस्तक समोर नाही, वहीसुद्धा नाही; वाचायचं ते नंतर घरी, कोश घेऊन. एवढासा स्वर खाली गेला की "साकु" — पुरे — आणि पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला एक परकी भाषा मुळातून वाचता यायलाच हवी. बाकीच्यांनी फ्रेंच घेतलं, विद्यापीठातच वर्ग असतो. मी रशियन घेतलं, कारण मला ते हवं होतं. आणि माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, ते घेऊ दिलं, कारण सर आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, संध्याकाळी लांब जायला नको. म्हणजे जगभरचं साहित्य शिकायचं — धारवाडची ही मळमड्डी न सोडता!

आज सकाळी एक जपानी कादंबरी संपवली, दुपारी ग्रीक नाटकावर टिपणं काढली, संध्याकाळी यमुनावहिनीबरोबर गवार मोडली. वहिनीने विचारलं, एवढं वाचून पुढं काय? मी गवार मोडत राहिले.

२१ नोव्हेंबर

बाहेरची आहे. अंबूताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, पायरीवर वेगळी चटई टाकून दिली. सर ओसरीवर, मी पायरीवर, जाणारे-येणारे थांबून बघतात. रशियनलाही विटाळ!

चिडून लिहिते आहे खरी, पण सर वाईट नाहीत. हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. तरुणपणी एक व्याकरण आणि एक कोश मिळवून एकट्याने रशियन शिकले. धारवाडात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, अजूनही येत नाही. मला एक अख्खी लांबलचक गोष्ट त्यांनी पाठ करून घेतली आहे आणि तिचा शब्दन् शब्द मला उलगडून सांगता येतो. काल म्हणाले, तुझ्यासारखं पाठांतर मी पाहिलं नाही. वर्षातून एकदा असं काही म्हणतात, तेवढ्यावर मी वर्षभर जगते.

४ डिसेंबर

हुबळीच्या देशपांडे नगरातून स्थळ आलं. मुलगा श्रीनिधी, डॉक्टर. वडीलही डॉक्टर, खाली दवाखाना, वर घर.

अण्णाने मला समोर बसवून वकिलासारखं बोलायला सुरुवात केली — तो आहेच वकील. मॉस्कोला वर्षभर राहून शिकायच्या शिष्यवृत्तीची मुलाखत जानेवारीत बेंगळूरला आहे. मिळाली तर तू जा, मी आडवा येणार नाही, म्हणाला. "नाही मिळाली तर मात्र पुढं ढकलायचं नाही बघ, उत्तरा. त्यांना तरी किती दिवस थांबवायचं?"

मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार? बाबा गेल्यापासून यानेच वाढवलं. एका शब्दाने कधी दुखावलं नाही. तो जरा दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं.

५ डिसेंबर

मुलाचा फोटो पाहिला. चांगला दिसतो. नाव ठेवायलाही जागा नाही!

२९ डिसेंबर

सरांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलंय, आमची उत्तरा मॉस्कोला जाणार. दूधवाल्याने आज विचारलं, अक्का, तिकडं म्हशी असतात काय हो? रोज दोन-दोन तास संथा चालली आहे. घसा बसला की अंबूताई ज्येष्ठमध देतात.

डोळ्यांसमोर एक रस्ता येतो. थंडी, जाड कोट, आणि कुठं चाललीस असं विचारणारं एक माणूस नाही. मला खरंच ते साहित्य हवं आहे, की नुसतं या गल्लीतून सुटायचं आहे? आता माझं मलाच सांगता येत नाही. काहीही असो, मला जायचं आहे. इतकं काही मला आजवर हवं नव्हतं.

१७ जानेवारी १९९७, बेंगळूर

मावशीकडे आहे. झाली मुलाखत.

तिघं होते. मधे एक रशियन बाई, पांढऱ्या आखूड केसांच्या, चेहरा मायाळू. त्या काहीतरी बोलल्या. मला एकही शब्द कळला नाही. वाटलं, या दुसरंच काही बोलताहेत. त्यांनी पुन्हा सावकाश विचारलं. तरी नाही. मग त्या हसून इंग्रजीत म्हणाल्या, मी फक्त तुझं नाव विचारलं गं!

मग म्हणाल्या, तुला येतं ते म्हण. मी पाठ ताठ केली आणि गोष्ट म्हणायला लागले, सरांनी बसवली तश्शी, वेदाच्या चालीवर, एकही स्वर न चुकता. बाईंच्या कपाळाला आठी पडली. शेजारी बेंगळूरचे प्राध्यापक शेषगिरी होते, त्यांनी तोंडावर हात धरला. बाईंनी त्यांच्याकडे वळून हळूच विचारलं — ही कोणती भाषा?

नंतर त्यांनी पुस्तक पुढे केलं. कुठलंही पान काढलं तरी मी अर्थ धडाधड सांगितला. तिघंही चकित. वाचते बरोबर, अर्थ बरोबर, आणि बोलणं मात्र असं! शेषगिरी पुढे वाकले. ओठांवर अजून तेच हसू. तुला हे शिकवलं कुणी?

सरांचं नाव त्या हसण्यात टाकायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, कुणी नाही. पुस्तकांवरून माझी मीच शिकले.

१९ जानेवारी

सर कोपऱ्यापर्यंत येऊन उभे होते. कशी झाली? म्हटलं, चांगली. उच्चार कसे वाटले त्यांना? म्हटलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेवढं तरी खरं होतं. अंबूताईंनी हातावर साखर ठेवली.

संध्याकाळी पुन्हा संथा. सर आज खुशीत, नवा भाग काढला. ते म्हणत होते, मी मागून म्हणत होते. असं रशियन बोलणारी जगात दोनच माणसं आहेत आणि दोन्ही या ओसरीवर बसलेली. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. दोनदा म्हणायचं ते मी दोनदा म्हणत राहिले.

१० फेब्रुवारी

नाही मिळाली.

अण्णाने चहा करून आणून दिला, स्वतः. मग आतल्या खोलीत जाऊन देशपांडे नगरला फोन केला. पाडवा झाला की साखरपुडा.

सर म्हणाले, खचायचं नाही, पुढल्या वर्षी पुन्हा बसू. पुढलं वर्ष कुठलं, सर?

२१ फेब्रुवारी

विभागात परिसंवाद होता. पाहुणे कोण, तर शेषगिरी! मी मागच्या दाराशी उभी राहिले. चहाच्या वेळी बघते तर सर आलेले — धोतर, काळा कोट, जरीचं उपरणं. सरळ शेषगिरींकडे गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उत्तराचा गुरू मी."

शेषगिरींना बिचाऱ्यांना काय माहीत? ते सहज बोलून गेले, पण ती तर म्हणाली होती की तिला गुरू कुणी नाही.

सरांनी मला शोधलं. नुसतं बघितलं. मी खाली मान घातली.

काय सांगणार होते? सर रोज संथेला बसताना आधी आपल्या वडिलांचं नाव घेतात, मग त्यांच्या गुरूंचं, मगच तोंड उघडतात. त्यांच्यासमोर मी गुरू नाकारणारी ठरले. का नाकारला ते सांगावं, तर सांगावं लागेल की तुमचं रशियन कुणालाच कळत नाही. सत्तरीच्या माणसाला हे कसं सांगू?

२४ फेब्रुवारी

ओसरीपर्यंत जाऊन आले. अंबूताई दारातच म्हणाल्या, "आज नको गं." उद्या येऊ का विचारलं. त्या आत गेल्या.

३ मार्च

परिसंवादातलं ते बोलणं कोर्टातसुद्धा पोचलं. अण्णा घरी आला तो बूट न काढताच उभा. "गुरूचं नाव लपवलंस? फुकट शिकवलं त्यांनी तुला, पोटच्या पोरीसारखं." आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. वहिनीने गॅस बंद केला आणि तीही माझ्याकडे बघत राहिली.

एका वाक्यात मी सुटले असते. ते वाक्य जिभेवर होतं! पण ते संध्याकाळपर्यंत सगळ्या मळमड्डीत झालं असतं, आणि सर पुन्हा त्या ओसरीवर बसू शकले नसते. कृतघ्न तर कृतघ्न. तशीही मी इथून जाणारच आहे, हुबळीपर्यंत!

८ मार्च

श्रीनिधीच्या आईंनी साडीचा रंग विचारला. कुठलाही, म्हटलं.

१८ मार्च

सर घरी आले. ते कुणाच्या घरी जात नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही. माझ्याकडे न बघता अण्णाशी कानडीत बोलले. मुलाखतीत तिचं रशियन कुणाला कळलं नसणार, म्हणूनच तिनं माझं नाव लपवलं, म्हणाले; चौसष्ट साली दिल्लीला त्यांचंही असंच झालं होतं. समोरच्या रशियन माणसाला त्यांचं बोलणं कळलं नाही, त्यांना त्याचं. परत येऊन कुणाला बोलले नाहीत. वाटलं, आपल्या घशाचा दोष असेल, मुलगी नीट म्हणेल. चूक माझी आहे, तिची नाही. हैदराबादला रशियन माणसं शिकवतात, तिला एक वर्ष तिथं पाठवा, म्हणाले.

अण्णा वहिनीला म्हणाला, देशपांडे नगरला फोन लाव, साखरपुडा वर्षभर पुढं ढकला म्हणून मीच सांगतो.

सरांना माहीत होतं! इतकी वर्षं माहीत होतं, तरी मला पाठवलं! मला संताप आला, आणि त्याच संतापात मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "तिथं विचारतील, गुरू कोण म्हणून. याही वेळी कुणी नाही म्हणूनच सांग."