नात्याचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

नात्याच्या रकान्यात लोक काय काय लिहितात! तळोद्याच्या दवाखान्यासाठी नोंदणीचा प्रोग्राम लिहितेय; तिथून पेशंटसोबत कोण आलं याच्या जुन्या नोंदी आल्या. 'नवरा', 'पती', 'मालक', 'मन्हा माणूस' — एकच गोष्ट, चार तऱ्हा. शोधायला गेलं की काही सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, टायपिंगच बंद करा."

म्हणून ड्रॉपडाऊन करतेय. बाण दाबायचा, यादी उघडेल, त्यातलंच एक निवडायचं. निवडल्याशिवाय सेव्हचं बटण चालणार नाही. सेव्ह झालं की बदल नाही. पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सासू, सासरे, शेजारी. झालं.

कुंपणापलीकडून जगदीश म्हणाला, "जेवलीस?" चारचौघांत मॅडम, कुंपणावरून तू. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन वीस तारखेला, याच दवाखान्यात. सोबत कोण जाणार, हे तो विचारत नाही. मीही विषय काढत नाही. हे गेल्यापासून मला अशी गप्प बसायची सवयच लागली आहे.

५ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन बसवून आले. खिडकीवरच्या रविनाने यादी वरखाली केली. ती डोंगरातली, पावरी, अहिराणी, मराठी, सगळं बोलते. "ताई, यामा नही तो उना मंग? 'इतर' टाका ना एक."

'इतर' ठेवलं की सगळे तेच दाबतात, म्हटलं. पसारा परत. सगळी नाती आहेत यात.

"बरं," म्हणाली. तिचं ते 'बरं' मला आवडलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी रविनाचा फोन. दबका आवाज. "ताई, फॉर्म पुढे जाई नही ऱ्हायना."

वरच्या पाड्यावरून कालीबाई आलेली. दिवस भरलेले, बाळ पोटात आडवं. सोबत डोंगरसिंग, बाळाचा बाप. रविनाने 'पती' निवडलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, नको, खोटं होईल. दोघं एकत्र राहतात, दोन्ही घरांनी मानलंय. त्यांच्याकडे लग्नाचा विधी मागाहून, सवडीने होतो. पण तोवर तो स्वतःला नवरा म्हणवणार नाही. "लगीन बाकी शे, तो म्हणस."

सेव्ह होईना. मागे रांग. शेवटी रविनाने 'शेजारी' टाकलं.

कागद आत गेला. सिस्टर म्हणाल्या, ऑपरेशनला शेजाऱ्याची सही चालत नाही, घरचं माणूस आणा. आणि तो निघाला — कालीबाईच्या भावाला आणायला, जीप धरून, वर डोंगरात!

"बदला ना, ताई."

बदलता येत नाही. मीच कुलूप लावलंय.

"नवी फाइल उघड."

"तिन्हा नावनी एक शे. दुसरी घेत नही."

तेही माझंच.

फोनमधून कण्हणं ऐकू येत होतं. म्हटलं, डॉक्टरांकडे फोन ने. त्यांना सांगितलं — तो तिचाच माणूस आहे, चूक यादीची आहे. "मग शेजारी कुणी लिहिलं?" मी म्हटलं, रविनापुढे मी दुसरं काही ठेवलंच नव्हतं. त्यांनी सिस्टरना हाक मारली. मग, "कालीबाईचीच सही घेतो. ठेवा फोन."

संध्याकाळ झाली. अजून काही कळलेलं नाही. जगदीश कुंपणाशी येऊन उभा राहिला. अंधार पडला तरी गेला नाही.

९ फेब्रुवारी

मुलगी. दोघी बऱ्या आहेत! डोंगरसिंग भावाला घेऊन पोचला तोवर सगळं आटोपलेलं. रविनाने बाळ त्याच्या हातात दिलं — "ले शेजारी, तुन्ही पोर." तो म्हणे आधी हसला, मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

१० फेब्रुवारी

कुलूप काढलं, सेव्ह झाल्यावरही बदलता येईल. यादीत एक ओळ वाढवली. 'जोडीदार' लिहिलं, पुसलं. डोंगरसिंगने आपल्या तोंडाने जे सांगितलं तेच ठेवलं: 'लग्न बाकी'. पती, पत्नी, आणि लगेच खाली ते. रविनाला दाखवलं. या वेळचं 'बरं' वेगळं होतं.

१६ फेब्रुवारी

जगदीश म्हणाला, धुळ्याहून पुतण्याला बोलावतो. "तू आलीस तर लोक तुलाच बोलतील." मी मेथी निवडत होते. 'बरं' म्हटलं.

का म्हटलं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

तो आत आहे. बाहेर बाकावर बसून लिहितेय. पुतण्याला काल मीच कळवलं, येऊ नकोस.

सकाळी खिडकीवर रविना. नाव, वय, गाव. मग तिने बाण दाबला, यादी उघडली. "सोबत कोण?"

जगदीश म्हणाला, "शेजा—"

"लग्न बाकी," मी म्हटलं.