आडव्या पट्ट्या

५ एप्रिल
आईला कामावर येऊ नका सांगितलं. शिलाईच्या लाइनवर अकरा वर्षं. मागच्या आठवड्यात कॉलेजच्या एका कॅम्पात वाऱ्याने आमच्या कंपनीचे चार तंबू फाटले. एका मुलीच्या भुवईवर खांब बसला. चारही तंबूंच्या आत आईच्या मशीनचा नंबर.
मॅनेजर लॅबमध्ये माझ्या टेबलाशी आले. "कपडा तर तुम्हीच पास केला होता, मॅडम. म्हणजे शिलाई कच्ची." मी मान डोलावली.
हिंगण्याच्या कंपनीतून परत येताना गाडीवर मागे आई नव्हती.

७ एप्रिल
दोन दिवसांनी आई बोलली, पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता. "इंचाले आठ टाके राहते माहे. कोणी मोजले का?"
कोणी मोजले नाहीत. फाटलेले तंबू गोदामात, कुलपात. मलाही दाखवत नाहीत.

१० एप्रिल
कूलर बाहेर काढला. हिवाळाभर त्यावर झाकलेला कपडा आईने कंपनीतून मागून आणलेला, उरलेला तुकडा. काठावर लॉट नंबर छापलेला. तोच लॉट. माळ्यावर होता, ऊन लागलेलं नाही. नमुना म्हणून चालेल.

११ एप्रिल
मागच्या पडवीत, पाळण्याच्या कडीला. पट्टी अडीच सेंमी रुंद. वर-खाली लाकडी गुटके, क्लॅम्प, खाली बादली. पट्टी फाटेपर्यंत लिटरच्या मापाने पाणी; आकडे किलोत, बादलीचं वजन धरून.
उभ्या पट्ट्या, म्हणजे कपड्याच्या लांबीच्या दिशेने कापलेल्या: १९.२, १८.८, १९.०. लॅबच्या आकड्यांशी जुळतात.
शेजारच्या कांताबाई भिंतीवरून: "काहून वं, पाणी टांगून राहिली? खाली ठेवलं तं पळते का?"
पाणी मोगऱ्याला.

१२ एप्रिल
आईने तोच दोरा वापरून घरच्या मशीनवर जोड मारून दिले. जोड असलेली उभी पट्टी: १५.६ ला टाके सुटले. आई बघत होती. "म्हणजे साहेब खरंच बोलला?"
"थांब," म्हटलं. अजून आडवं ताणलेलं नाही.

१४ एप्रिल
जयंती, सुट्टी. आई पांढऱ्या साडीत विहारात जाऊन आली. ओळखीच्या बायकांनी विचारलंच असेल.
दुपारी आडव्या पट्ट्या, मधे आईचा जोड.
७.४
७.१
७.६
तिन्ही वेळा कपडा जोडाच्या शेजारी फाटला. जोड शाबूत. आईने फाटलेली पट्टी उचलून शिलाईवरून नख फिरवलं. "माही शिलाई जिथल्या तिथं हाय."
इतकं खूश तिला आठवडाभरात पाहिलं नव्हतं. रात्री तिने पुरण घातलं. मला जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल
लिहून टाकते. लॅबच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत, उभे आणि आडवे. पट्ट्या कटिंग टेबलवरच्या कातरणातून येतात. भाग कापून उरलेल्या त्या लांब, अरुंद चिंध्या, सगळ्या उभ्याच. आडवी पट्टी हवी तर चांगल्या कपड्याला कात्री लावावी लागते, आणि ते कोणाला आवडत नाही. माझ्या आधीच्या मुलीने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: रकाना रिकामा ठेवायचा नाही. उभ्यातून दोन वजा कर.
या लॉटचा फॉर्म: उभे १९, आडवे १७.
तो १७ मी कधी मोजला नाही. खाली सही माझी.

१७ एप्रिल
आईला सांगितलं, आणि हे सगळं लिहून मॅनेजरला देणार तेही. ती सुईत दोरा ओवत होती.
"म्हणजे अंदाजे लिहिलं."
"हो."
"मी एक टाका अंदाजे मारला असता तं त्यानं मले ठेवलं असतं का?"
दोरा ओवून झाल्यावर म्हणाली, "कागद देऊ नको. दोघी घरी बसून काय करू? एकीचं तं राहू दे."
हे तिने प्रेमाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

१९ एप्रिल
आई आता कांताबाईंच्या ओट्यावर साड्यांना फॉल लावते. ऑफिसात मॅनेजर: "घरी सगळं ठीक ना, मॅडम? तुमच्यावर आमचा काही राग नाही." मी थँक्यू म्हटलं. माझ्याच तोंडून ऐकलं.
घरच्या चाचण्यांचा अहवाल दोन पानांचा झाला. तारखा, वजनं, लॉट नंबर. शेवटच्या ओळीत फॉर्मबद्दल. प्रिंट काढली. बॅगेत आहे.

२२ एप्रिल
नवीन लॉट. कटिंगवाल्या दादांना आडवी पट्टी मागितली. "मॅडम, अख्खा पन्हा वाया जाते ना. आतापर्यंत कधी लागली नाई तुमाले." आणि हसले. द्यायची तर मॅनेजरची चिठ्ठी आणा म्हणाले. मॅनेजर फोनवर: "रकाना भरा अन् सोडा, पाचला ट्रक आहे."
जेवायला डबा उघडला. पोळ्यांच्या वर प्लास्टिकच्या पिशवीत ती पट्टी, १४ तारखेची. कपडा फाटलेला, जोड तसाच. डबा सकाळी आईनेच भरला. देऊ नको म्हणणारीही तीच.
पट्टी टेबलावर ठेवली आहे. शेजारी फॉर्म. उभे: १८.९. आडवे:
साडेचार वाजले. मॅनेजरच्या केबिनचा दिवा चालू आहे.