अकरा हजार पाचशे वीस चौकोनांचे अप्पा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली, बाकीची तीन टेकली असं समज). इकडे सगळे मजेत. तुझे गुडघे काय म्हणतात? गोळ्या वेळेवर घेतेस, की दाजींनी आठवण करायची आणि तू त्यांच्यावर डाफरायचं हा कार्यक्रम अजून चालूच आहे? दाजींना माझा नमस्कार सांग. त्यांचा कान सुधारला असेल तर हळू आवाजात सांग, नसेल तर सांगूच नकोस, शेजाऱ्यांना उगाच वाटायचं की मी राहायला आलोय.

फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसला, असं तुझ्या मनात येणार. तर फोन तू स्पीकरवर टाकतेस आणि तुझा लेक शेजारी बसून सगळं ऐकतो. सध्या त्याचं आणि माझं बोलणं बंद आहे. का बंद आहे ते त्यानं तुला सांगितलं असेलच, म्हणून खरं काय ते मी कळवतो. विनंती वगैरे काही नाही, सहज लिहितोय.

तुला माहीतच आहे की पोहण्याच्या तलावाची मागची भिंत नवी झाली आणि तिच्यावर अप्पांचा चेहरा इंचाइंचाच्या बारीक टाइलमध्ये बसवायचं व्यवस्थापकांनी ठरवलं. तीस वर्षं ज्या माणसानं इथल्या निम्म्या पोरांना पाण्यात ढकललं (आणि परत काढलं, हे महत्त्वाचं), त्याचा एवढा मान राखायलाच हवा. काम अर्थात माझ्याकडे आलं. एवढी न्हाणीघरं केली, एवढी स्वयंपाकघरं केली, बापाचा चेहरा तो काय अवघड, असं म्हणून मी हो म्हटलं. तुझ्याकडच्या फोटोवरून तुझ्या लेकानं कॉम्प्युटरवर चित्र करून पाठवलं. माझ्या फोनवर ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसलं. बोटांनी मोठं करायला गेलो तर अप्पा ढगात गेले (तसे जाऊन अकरा वर्षं झाली, पण पुन्हा?). मग मी त्याला म्हटलं, बाबा रे, मला चित्र नको, यादी दे. कुठली टाइल कुठे, एवढंच मला कळतं.

त्यावर त्यानं मला तासभर जे समजावलं त्यातलं मला समजलं ते सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात चेहरा वगैरे काही नसतो, नुसते चौकोन असतात, आपल्या टाइलसारखेच. त्यांना तो पिक्सेल म्हणतो. एका ओळीत शहाण्णव, अशा एकशे वीस ओळी, म्हणजे आपले अप्पा एकूण अकरा हजार पाचशे वीस चौकोनांचे. बरं, प्रत्येक चौकोनाचा रंगही लिहून ठेवत नाहीत. सुरुवातीला सोळा रंगांचा एक तक्ता द्यायचा, शून्य म्हणजे पांढरा, एक म्हणजे काळा, सहा म्हणजे गव्हाळ, आणि पुढे रंगाचं नावच काढायचं नाही, फक्त नंबर. यात अप्पांचे दात, डोळ्यांतला पांढरा भाग आणि मागची भिंत या तिघांना एकच नंबर मिळाला. आणि जागा वाचवायची म्हणून एकाच रंगाचे चौकोन सलग आले तर ‘पांढरी, पांढरी, पांढरी’ असं चाळीस वेळा लिहायचं नाही. ‘चाळीस, शून्य’ असे दोन आकडे लिहून मोकळं व्हायचं. किती आणि कुठली, संपलं. (ताई, ही पद्धत तू फोनवर का वापरत नाहीस? परवा तू जाऊबाईंशी झालेलं भांडण सांगितलंस, त्यात ‘मी मात्र गप्प बसले’ हे चाळीस वेळा आलं. एकदा आकडा सांगितला असतास तर माझं जेवण गार झालं नसतं.) टाइल आम्ही खालून वर लावत जातो म्हणून यादीही त्यानं सगळ्यात खालच्या ओळीपासून दिली. कॉम्प्युटरमध्येही काही फायली चित्र असं पायाकडून साठवतात म्हणे. ज्यानं ही युक्ती काढली तो आधी गवंडी असणार.

यादी आली ती बावीस पानांची. माझा जोडीदार तुला आठवतो ना, ज्याला सगळे ओळंबा म्हणतात (सरळ उभा राहतो म्हणून नव्हे, डोकं कायम खाली लटकलेलं म्हणून)? तो परांचीवर बसून आकडे वाचायचा आणि मी लावायचो. सोळा खोकी, सोळा नंबर. आठ, सहा. तीन, एक. बावीस, शून्य. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी ओळंब्याच्या बायकोनं सांगितलं की हा घरी मीठ मागतानाही ‘एक, शून्य’ म्हणतो.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, आणि ती माझी नाही हे वाचता वाचताच तुझ्या लक्षात येईल. यादीच्या अगदी वर नुसते तीन आकडे होते, शहाण्णव, एकशे वीस, सोळा. ओळंब्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, कॉम्प्युटरचं काहीतरी असेल, सोड. त्यानं सोडलं. आणि यादीत ओळ कुठे संपते ते कुठेच लिहिलेलं नसतं, हे मला कोणी सांगितलं होतं? बावीस पांढऱ्या चाललेल्या असतात आणि ओळ मध्येच संपते, उरलेल्या पांढऱ्या वरच्या ओळीत जातात. ओळ कधी मोडायची ते त्या पहिल्या शहाण्णववरून समजून घ्यायचं. आम्ही भिंतीवरून समजून घेतलं. या खांबापासून त्या खांबापर्यंत सत्त्याण्णव टाइल बसत होत्या, आम्ही सत्त्याण्णव बसवल्या. खांबाशी एक इंच फट सोडणारा फरशीवाला तू कधी पाहिलास का? आता भाच्यानं मला भिंतीची रुंदी विचारली होती तेव्हा मी आठ फूट म्हटलं होतं, हे खरं. पण आमच्या धंद्यात आठ फूट म्हणजे आठ फूट आणि वर थोडं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. त्याला इंजिनिअर कोणी केलं मला माहीत नाही.

हातभर अंतरावरून चेहरा कुठला दिसायला? भिंतीला नाक लावून अकरा दिवस काम केलं. शेवटच्या ओळीत यादी संपली आणि तेवीस टाइलची जागा उरली, तेव्हा मला जरा खटकलं. पण ओळंबा म्हणाला, पांढऱ्या भरून टाकू, केस पिकले असं समजतील. परांची उतरवली, तलावाच्या पलीकडच्या काठावर जाऊन वळलो, आणि ताई, काय सांगू तुला! प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा एकेक चौकोन सरकलेली. अप्पा जसजसे वर जात होते तसतसे डावीकडे कलत होते, कलत कलत ते डाव्या खांबात शिरले होते आणि उजव्या खांबातून परत बाहेर आले होते. हनुवटी एकीकडे, कान पार दुसरीकडे, आणि नाक दोन्ही खांबांवर निम्मं निम्मं. तिकीट खिडकीवरच्या बाई (अप्पांच्या पहिल्या विद्यार्थिनी, अजून त्यांच्या नावानं दचकतात) बराच वेळ बघून म्हणाल्या, बुडणाऱ्याला अप्पा असेच दिसायचे. व्यवस्थापक म्हणाले, काहीतरी आधुनिक आहे, छान आहे, राहू द्या. मी म्हटलं, साहेब, माझा बाप आहे तो, आधुनिक नव्हता.

सगळं खरवडून काढलं. अकरा हजार टाइल धुतल्या, नंबरवार खोक्यांत भरल्या आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं, या वेळी शहाण्णव मोजून. खांबाशी एक इंचाची पांढरी पट्टी ओढावी लागली, तिच्याकडे मी अजून पाठ करूनच उभा राहतो. पण चेहरा उभा राहिला. कपाळ कपाळाच्या जागी, मिश्या मिश्यांच्या जागी. सगळे पलीकडच्या काठावर जमले, सगळ्यांनी छान म्हटलं, तिकिटाच्या बाई तेवढ्या खिडकीकडे परत निघाल्या. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, चेहरा बरोबर आहे हो, पण अप्पा नाहीत. मला एवढा राग आला. मग मीही बघितलं, आणि बाईंचं खरं होतं.

भुवईतली खाच नव्हती. तरुणपणी फळीवरून उडी मारताना पाण्याऐवजी आईकडे बघत होते, तेव्हा फळीची कड लागून पडलेली. रागावले की तेवढीच जागा पांढरी व्हायची, आणि ती पांढरी झाली की आपण दोघं पलंगाखाली. मी तडक भाच्याला फोन केला. तर म्हणतो कसा, मामा, मोजून लिहिण्यात काहीच हरवत नाही, जेवढे चौकोन टाकले तेवढे परत मिळतात; हरवतं ते त्याच्या आधी, साफसफाईत. म्हणजे त्याच्या प्रोग्रामला काळ्या भुवईत एक-दोन वेगळे ठिपके दिसले, त्याला वाटलं कचरा आहे, त्यानं शेजारच्यांचा रंग देऊन टाकला. सलग चौदा काळ्या झाल्या, यादी तेवढीच आखूड. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, टपालखातं पत्र परत पाठवेल. सख्ख्या आजोबांची खूण पुसतोस आणि वर यादी आखूड झाली म्हणून सांगतोस? तो बिचारा म्हणाला, चुकलं मामा, दोनच टाइल आहेत, फोटो आत्ता हाताशी नाही, कुठल्या भुवईत ते सांग, आत्ता नंबर काढून देतो. मी म्हटलं, तुला एवढंही माहीत नाही? आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून अबोला आहे.

तर अशी सगळी हकिकत. चूक कोणाची ते तूच ठरव, मी काही बोलत नाही. उद्घाटन पंधरा दिवसांनी आहे, तुला आणि दाजींना यावंच लागेल. तब्येतीला जप.

तुझा
धाकटा

ता. क. – ओळंबा तुला नमस्कार सांगतो. एक, शून्य.

ता. क. २ – दोन टाइल मी स्वतःच बदलल्या आहेत, त्याची काळजी नको. बाईंनी काठावरून बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, आता आले. व्यवस्थापकांनीही मान डोलावली. म्हणजे तसं काम झालेलं आहे.

ता. क. ३ – ताई, हे पत्र वाचून झालं की फाडून टाक आणि लेकाला दाखवू नकोस. मी त्या दोन टाइल डाव्या भुवईत बसवल्या आहेत, पण मला खात्री नाही. दाढी करायचे तेव्हा त्यांच्यामागे उभा राहून मी आरशात बघायचो आणि जेवायला त्यांच्या समोर बसायचो. एकदा खाच या बाजूला आठवते, एकदा त्या बाजूला. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुमचे वडील, तुम्हालाच माहीत. भाच्याला आता कुठल्या तोंडानं विचारू? त्याच्या प्रोग्रामनं ती खूण एका मिनिटात पुसली म्हणून मी त्याला अर्धा तास शिव्या दिल्या. माझ्याकडून ती कधी पुसली गेली ते मला कळलंही नाही. फोटो काढून बघ, किंवा बघूही नकोस, तुला आठवतच असेल. डावी की उजवी, एवढंच उलट टपाली लिही.